वय आणि मृत्यूची शक्यता: आयुर्मान सारणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रॅच्युइटी आणि पेन्शनच्या दायित्वाचे हिशोब करण्यात माझी वीसएक वर्षं गेली. या कामात रोज समोर असते ती आयुर्मान सारणी: कोणत्या वयाला मरणाची शक्यता किती, हे सांगणारा आकड्यांचा तक्ता. काय काम करते हे लग्नाच्या पंगतीत कळलं की शेजारचा माणूस जिलेबी ठेवून विचारतो, "मग आमचं किती उरलंय?" त्या प्रश्नाचं उत्तर सारणीत नाही. पण त्याच्या आजूबाजूचे पुष्कळ प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत.

१. आयुर्मान सारणी म्हणजे नेमकं काय?

एक लाख बाळं एकाच दिवशी जन्मली असं धरायचं. सीएसएमटीहून सुटलेल्या लोकलसारखं बघा: एक लाख माणसं बसली, पुढे प्रत्येक स्टेशनावर काही उतरणार, चढायला मात्र कोणालाच परवानगी नाही. स्टेशन म्हणजे एकेक वाढदिवस. त्या स्टेशनापर्यंत डब्यात किती उरले, पुढच्या स्टेशनाआधी किती उतरले, आणि उरलेल्यांचा प्रवास सरासरी अजून किती, हे रकान्यांत लिहिलं की सारणी तयार.

एक लाख हा आकडा सोयीसाठी असतो. जुन्या तक्त्यांत तो हजार किंवा दहा हजारही दिसतो.

२. ‘क्यू-एक्स’ म्हणजे काय? सगळे त्याबद्दलच बोलतात.

‘एक्स’ वय पूर्ण केलेला माणूस पुढचा वाढदिवस येण्याआधी मरण्याची शक्यता म्हणजे क्यू-एक्स. भागाकार साधा आहे: वर्षभरात गेलेले भागिले वर्षाच्या सुरुवातीला हयात असलेले. सारणीत प्रत्यक्ष नोंदींवरून येतो तो हा एकच रकाना. बाकीचे रकाने त्याच्यावरून गणिताने निघतात.

यातला ‘पूर्ण केलेला’ हा शब्द सोडू नका. साठीचा क्यू-एक्स साठीपर्यंत पोचलेल्यांसाठीच असतो, आज जन्मलेल्या बाळाशी त्याचा संबंध नाही. पुढच्या निम्म्या प्रश्नांचं मूळ एवढ्यातच आहे.

३. भारताचं सरासरी आयुर्मान ७० च्या आसपास. वडील ६८ चे आहेत. म्हणजे दोनच वर्षं?

नाही. मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याचा आवाज बहुधा खाली आलेला असतो. म्हणून सविस्तर सांगते.

२०१४-१८ च्या सरकारी सारणीत भारताचं आयुर्मान ६९.४ वर्षं आहे, महाराष्ट्राचं ७२.५. हे आकडे जन्माच्या क्षणाचे आहेत. त्या सरासरीत पहिल्याच महिन्यात गेलेली बाळं आहेत, विशीत मोटारसायकलवरून गेलेली पोरं आहेत, पन्नाशीत हृदयविकाराने गेलेले आहेत. तुमचे वडील या सगळ्यांतून पार होऊन ६८ ला पोचले. जे वाटेत उतरले त्यांचा आकडा वडिलांच्या हिशोबात धरायचं कारणच उरत नाही.

वडिलांसाठी शेवटचा रकाना बघायचा: त्या वयाला उरलेलं सरासरी आयुष्य. भारतात साठीच्या माणसाचं ते १८ वर्षांच्या आसपास आहे, म्हणजे बेरीज ७८ होते. सत्तरीलाही ते दहाहून जास्त भरतं. जितकं जगाल तितका बेरजेचा आकडा पुढे सरकतो. सरासरी ओलांडली म्हणून कोणी ‘उधारीवर’ जगत नसतो.

आणि ती १८ वर्षंही सरासरीच आहेत. त्यात एकसष्टीला जाणारे आहेत आणि सहस्रचंद्रदर्शनाला नातवंडांकडून ओवाळून घेणारेही.

४. शंभर वर्षांपूर्वी आयुर्मान २३ होतं म्हणतात. मग तेव्हा तिशीत माणूस म्हातारा व्हायचा का?

जनगणनेवरून काढलेला १९०१-११ चा आकडा २२.९ वर्षं आहे, तो खराच आहे. अर्थ मात्र तसा नाही. दोन भावंडं घ्या: एक जन्मताच गेलं, दुसरं सत्तर वर्षं जगलं. सरासरी ३५. आता ३५ व्या वर्षी कोण गेलं? कोणीच नाही.

तेव्हाही गावात सत्तरीचे म्हातारे होते. फरक होता तो पाळण्यात. जुन्या घरांतल्या वंशावळी काढून बघा, आठ-नऊ बाळंतपणांपुढे चार-पाचच नावं सापडतील. अर्थात मोठ्यांचं मरणही आजच्यापेक्षा बरंच जास्त होतं. प्लेग, कॉलरा, क्षय आणि दुष्काळ हात धुऊन मागे लागलेले होते. पण आकडा तेवीसपर्यंत ओढणारं मोठं वजन बालमृत्यूंचंच.

५. कोणत्या वयाला मरणाची शक्यता सर्वांत कमी असते?

साधारण दहा-अकराव्या वर्षी. चौथी-पाचवीतलं पोर. हे जवळजवळ सगळ्या देशांच्या सारण्यांत दिसतं.

आलेख काढला तर तो जन्माला उंच सुरू होतो, झपाट्याने खाली येतो, दहाच्या आसपास तळ गाठतो. मग विशीच्या आगेमागे, विशेषतः मुलांच्या रेषेवर, लहानसा उंचवटा दिसतो: अपघात, आत्महत्या, मारामाऱ्या. त्यानंतर तिशीपासून रेषा चढायला लागते ती थांबत नाही.

पहिल्या वर्षाचा उंचवटा किती उंच असावा हे नशिबावर नसतं. २०२० मध्ये भारतात हजार जिवंत जन्मांमागे २८ बाळं पहिला वाढदिवस येण्याआधी गेली, महाराष्ट्रात १६. १९७१ मध्ये देशाचा हाच आकडा १२९ होता. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाचं वजन घेणं, ऊब देणं, न्यूमोनिया ओळखणं हे त्या घरी जाऊन करू लागल्या. त्या गावांतला अर्भकमृत्युदर हजारी १२१ होता, तो पुढे ३० पर्यंत आला. सारणीचा पहिला आकडा दवाखान्याची मोठी इमारत न बांधताही बदलतो, हे तिथे दिसलं.

६. तिशीनंतर शक्यता किती वेगाने वाढते? काही आकडे द्या.

भारतीय विमा कंपन्या वापरतात ती सारणी म्हणजे ‘भारतीय विमाधारक मृत्युदर २०१२-१४’, धंद्यातल्या भाषेत ‘आयएएलएम’. ती इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडियाने (ॲक्चुअरी म्हणजे विमा-पेन्शनचे असे हिशोब करणारे गणिती) काढली आणि १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली. त्यातले दर हजारी आकडे असे: ३० व्या वर्षी ०.९८, चाळिशीला १.६८, पन्नाशीला ४.४४, साठीला ११.१६.

हेच रुपयांत बघा, जास्त उमजतं. एक कोटीच्या विम्याची एका वर्षाची निव्वळ जोखीम, म्हणजे कंपनीचा खर्च आणि नफा सोडून, तिशीला ९,७७० रुपये, चाळिशीला १६,८००, पन्नाशीला ४४,३६० आणि साठीला १,११,६२० रुपये. टर्म इन्शुरन्सचा, म्हणजे मुदतीत मरण आलं तरच पैसे देणाऱ्या विम्याचा, हप्ता वीस-तीस वर्षं सारखाच ठेवतात तो कसा? तरुणपणी जोखमीपेक्षा थोडं जास्त घेऊन ठेवायचं आणि उतारवयात त्यातून भरून काढायचं. मधल्या काळात पडून असलेली ती रक्कम म्हणजे कंपनीचा राखीव निधी. आम्हा लोकांची नोकरी बहुतांशी त्या निधीमुळे आहे.

वाढीला नियम आहे. बेंजामिन गोम्पर्ट्झ या लंडनच्या गणितज्ञाने १८२५ मध्ये दाखवलं की प्रौढ वयात मृत्यूचा दर दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी, म्हणजे चक्रवाढीने वाढतो. ढोबळमानाने सात-आठ वर्षांत दुप्पट. वरच्या आकड्यांत चाळीस ते पन्नास पाहा: दहा वर्षांत अडीचपटीहून जास्त. १८६० मध्ये विल्यम मेकहॅमने त्यात वयाशी संबंध नसलेला एक ठरलेला भाग जोडला, अपघातांसारख्या कारणांचा. अजूनही आम्ही सारणीतल्या आकड्यांचे खाचखळगे काढून ती गुळगुळीत करताना या दोघांकडेच वळतो.

७. वर्षाला १ टक्का शक्यता असेल तर दहा वर्षांत १० टक्के, बरोबर ना?

जवळपास, पण बरोबर नाही. मरणाची बेरीज करायची नसते, जगण्याचा गुणाकार करायचा असतो. ०.९९ दहा वेळा गुणलं की ०.९०४ येतं, म्हणजे शक्यता ९.६ टक्के. दर लहान असताना फरक किरकोळ वाटतो. ऐंशीच्या पुढे बेरीज केलीत तर शंभर टक्क्यांच्या वर जाल आणि तक्त्यालाच शिव्या द्याल.

वरच्या विमा सारणीवरून ढोबळ गुणाकार केला तर तिशीतल्या शंभर विमाधारकांपैकी सुमारे ८९ जण साठीला पोचतात.

८. ही कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली?

१६६२ मध्ये जॉन ग्राँट या लंडनच्या कापड व्यापाऱ्याने शहरातल्या साप्ताहिक मृत्यूंच्या याद्या चाळून पहिला ओबडधोबड तक्ता मांडला. त्याच्या हिशोबात शंभर बाळांतली ६४ सहाव्या वर्षी उरत. पण त्या याद्यांत मेलेल्याचं वयच नव्हतं, त्यामुळे पुष्कळसा भाग अंदाजाचा.

खरी सारणी १६९३ ची, एडमंड हॅलीची. होय, धूमकेतूवाला. ब्रेस्लाऊ (आजच्या पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) शहरात कास्पर नॉयमान नावाच्या धर्मगुरूने जन्म-मृत्यूच्या नोंदी वयासकट ठेवल्या होत्या. हॅलीच्या तक्त्यात पहिल्या वर्षाला १,००० जण आहेत, विसाव्या वर्षी ५९८, चाळिसाव्या ४४५, साठाव्या २४२, ऐंशीव्या ४१.

सारणी वाचायचा सराव याच आकड्यांवर करा. वीस वर्षांचा तरुण साठी गाठेल याची शक्यता? २४२ भागिले ५९८, म्हणजे ४० टक्के. तोच चाळिशीला पोचल्यावर? २४२ भागिले ४४५, ५४ टक्के. प्रश्न ३ मध्ये जे शब्दांत सांगितलं ते इथे दोन भागाकारांत दिसतं.

९. भारतात मृत्यूच्या नोंदी इतक्या अर्धवट असताना सारणी काढतात कशी?

कायदा १९६९ चा आहे, मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. पण सगळीकडे सगळे मृत्यू नोंदले जात नाहीत, म्हणून देशाची सारणी नमुना नोंदणी पद्धतीवर, म्हणजे एसआरएसवर काढतात. निवडलेल्या गावांत आणि शहरी गटांत स्थानिक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे घरोघरी जाऊन तेच विचारतो. दोन्ही याद्या ताडून बघतात आणि जुळत नाही तिथे पुन्हा जातात. पद्धत साधी आहे, पण चोख.

अडचण खरी येते वयाची. जनगणनेत लोक ‘पन्नास’, ‘पंचावन्न’, ‘साठ’ असं सांगतात, त्यामुळे शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांवर डोंगर उभे राहतात आणि एकोणपन्नास, एक्कावन्न ओस पडतात. माझ्या सासूबाईंचा वाढदिवस कागदावर १ जून. त्यांच्या दोन्ही बहिणींचाही १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिला, कारण शाळा तेव्हा सुरू होत असे. खरं वय विचारलं तर म्हणतात, "पानशेत फुटलं तेव्हा मी चौथीत होते." पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, त्यावरून हिशोब लावायचा. कोणाचं वय बाहत्तरच्या दुष्काळावरून निघतं, कोणाचं कोयनेच्या भूकंपावरून. अशा कागदांवरून नव्वदीच्या पुढचे दर काढायचे म्हणजे जपून पाऊल टाकावं लागतं. फार म्हाताऱ्या माणसांची वयं वाढवून सांगायची रीत सगळ्या जगात आहे.

१०. सरकारी सारणी आणि विम्याची सारणी यांत इतका फरक का?

माणसं वेगळी म्हणून. एसआरएसमध्ये सगळा देश येतो. विमा घेणारा माणूस सरासरीपेक्षा जास्त कमावणारा, बऱ्याचदा शहरी, आणि पॉलिसी घेताना तब्येत दाखवून आत आलेला असतो. त्यामुळे विमाधारकांचे दर कमी दिसतात.

पुष्कळ लोक वर्तमानपत्रातलं आयुर्मान आणि विम्याचा दर एकत्र करून काहीतरी निष्कर्ष काढतात. असं करू नका. कुटुंबाच्या पैशांचं नियोजन करताना सरकारी सारणी बघितली तर शहरी नोकरदाराचं आयुष्य थोडं कमीच धरलं जातं, आणि निवृत्तीच्या पैशांच्या बाबतीत ही चूक महाग पडते.

११. बायका जास्त जगतात हे खरं का? मग सारणी वेगळी असते का?

आज खरं आहे. २०१४-१८ मध्ये भारतात पुरुष ६८.२, स्त्रिया ७०.७. पण १९७०-७५ ची सारणी काढा: पुरुष ५०.५, स्त्रिया ४९.०. जगभर उलट चित्र असताना आपल्याकडे बायका कमी जगत होत्या. बाळंतपणातले मृत्यू, मुलींच्या खाण्यात आणि औषधपाण्यात हात आखडता, यांनी निसर्गाने दिलेली आघाडी खाऊन टाकली होती. १९८१-८५ मध्ये रेषा एकमेकींना छेदून गेल्या: ५५.४ आणि ५५.७. लोकसंख्येच्या सगळ्या तक्त्यांत मला हे चार आकडे सर्वांत बोलके वाटतात.

विम्यात जुनी रीत अशी होती की बाईचं वय तीन वर्षं कमी धरून पुरुषांचाच दर लावायचा. टर्म इन्शुरन्सचा हप्ता स्त्रियांना अजूनही कमी बसतो. पेन्शन विकत घेताना मात्र हेच उलटं लागू पडू शकतं. का, ते प्रश्न १५ मध्ये.

१२. केरळचा मृत्युदर भारतापेक्षा जास्त आहे असं वाचलं. मग तिथले लोक जास्त जगतात कसे?

दोन्ही खरं. २०२० मध्ये दर हजार लोकसंख्येमागे मृत्यू भारतात ६.०, केरळात ७.०. हा ढोबळ मृत्युदर: सगळे मृत्यू भागिले सगळी माणसं. केरळात म्हाताऱ्यांचं प्रमाण जास्त, म्हणून एकूण मृत्यू जास्त. पण साठीचा केरळी आणि साठीचा उत्तर भारतीय शेजारी ठेवलात तर केरळीची शक्यता कमीच असते. वयाची भेसळ काढून टाकणं हेच तर सारणीचं काम. वृद्धाश्रमात वसतिगृहापेक्षा जास्त माणसं जातात म्हणून वृद्धाश्रमाचं जेवण वाईट ठरत नाही.

१३. कोविडचा सारणीवर काय परिणाम झाला?

२०१६-२० ची सारणी ७०.० दाखवते, २०१७-२१ ची ६९.८. एवढंच? असं वाटणं साहजिक आहे. पण एसआरएसची सारणी पाच वर्षांची सरासरी असते, त्यामुळे २०२१ चा तडाखा इतर चार वर्षांत विरघळतो. एकट्या वर्षाची सारणी काढली तर खड्डा खोल दिसेल.

तुलनेसाठी १९१८ ची मानमोडी. जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेल्या त्या इन्फ्लुएंझाने १९११-२१ च्या दशकाचं आयुर्मान २०.१ वर आणलं, आधीच्या दशकात ते २२.९ होतं. दहा वर्षांच्या सरासरीतही तो घाव लपला नाही.

विम्याचे दर ठरवताना अशी वर्षं काय करायची यावर आम्हा लोकांत वाद होतात. वगळली तर पुढची साथ येणारच नाही असं धरल्यासारखं होतं. जशीच्या तशी घेतली तर दरवर्षी साथ येते असं होतं. माझं मत: मूळ सारणीत घेऊ नये, साथीसाठी वेगळी तरतूद ठेवावी.

१४. नुकताच विमा घेतलेल्या चाळिशीच्या माणसाचा दर आणि दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या चाळिशीच्या माणसाचा दर सारखाच का नाही?

पहिल्याची तपासणी गेल्या महिन्यात झाली आहे. रक्त, ईसीजी, सगळं ठीक म्हणून तो आत आला, त्यामुळे पुढची दोन-चार वर्षं त्याची शक्यता कमी असते. दुसऱ्याची तपासणी तिशीत झाली होती, त्यानंतर त्याच्या शरीरात काय काय झालं कंपनीला ठाऊक नाही. तपासणीचा असर जसा ओसरतो तसा दर मूळ पातळीवर येतो. या ओसरलेल्या पातळीच्या सारणीला ‘अल्टिमेट’ म्हणतात, आणि प्रश्न ६ मधले आकडे त्याच प्रकारचे आहेत.

१५. पेन्शन विकणारी कंपनी वेगळी सारणी का वापरते?

विम्यात तुम्ही लवकर गेलात तर कंपनीचं नुकसान. ॲन्युइटीत, म्हणजे आजन्म पेन्शनमध्ये, तुम्ही उशिरा गेलात तर नुकसान. धोका उलटा झाला. शिवाय आजन्म पेन्शन विकत घेतो कोण? ज्याला वाटतं आपण पुष्कळ जगू. आजारी माणूस त्या वाटेला जातच नाही. म्हणून पेन्शनधारकांची सारणी आणखी कमी दराची असते. आपल्याकडे सध्या २०१२-१५ च्या अनुभवावरची आहे.

फ्रान्समधल्या आर्ल गावचा किस्सा आम्हाला सगळ्यांना पाठ असतो. १९६५ मध्ये तिथले वकील आंद्रे-फ्रांस्वा राफ्रे यांनी नव्वदीच्या जान काल्माँ यांच्याशी करार केला: बाई हयात असेपर्यंत महिना २,५०० फ्रँक द्यायचे, नंतर फ्लॅट आपला. नव्वदीची बाई, सौदा पक्का वाटला असणार. १९९५ मध्ये राफ्रे ७७ व्या वर्षी गेले, तोवर फ्लॅटच्या किमतीच्या दुपटीहून जास्त देऊन बसले होते. पुढचे हप्ते त्यांच्या पत्नीने भरले. काल्माँबाई १९९७ मध्ये गेल्या, वय १२२ वर्षं १६४ दिवस. राफ्रेंचं गणित सरासरीने बरोबरच होतं. असे हजार करार केले असते तर ते श्रीमंत झाले असते.

१६. निवृत्त होतोय. पेन्शनचं अंशराशीकरण करू की नको?

अंशराशीकरण म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून त्याबदल्यात एकरकमी पैसे घेणं. इथे सारणी थेट तुमच्या खिशात येते. केंद्र सरकारच्या तक्त्यात साठीला निवृत्त होणाऱ्याचा, म्हणजे पुढच्या वाढदिवसाला ६१, गुणक ८.१९४ आहे. समजा मूळ पेन्शन ५०,००० आणि तुम्ही परवानगीची कमाल, ४० टक्के, विकली. २०,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४, हातात १९,६६,५६० रुपये. बदल्यात पंधरा वर्षं महिना २०,००० कमी मिळणार, मग पूर्ण पेन्शन सुरू.

पंधरा वर्षं पुरी जगलात तर कपात होते ३६ लाखांची. कर्ज समजून हिशोब केला तर व्याज सुमारे ९ टक्के पडतं. पण हे कर्ज असं आहे की कर्जदार गेला तर बाकी माफ. कुटुंब निवृत्तिवेतनातून ही कपात होत नाही. म्हणून तब्येत नरम असलेल्याला अंशराशीकरण फायद्याचं; ठणठणीत माणसाने त्या पैशांचं काय करणार हे आधी ठरवावं. गृहकर्ज फेडायचं असेल तर ठीक. बँकेत ठेवून व्याज खायचं असेल तर ९ टक्के सुटत नाहीत. ‘सगळेच करतात’ हे कारण मी दर वर्षी ऐकते, ते कारण नव्हे. राज्य सरकारी आणि इतर सेवांत वय आणि गुणक आपल्या कार्यालयातून तपासून घ्या, पद्धत हीच.

१७. आम्ही दोघं आहोत. पैसे कोणत्या वयापर्यंत पुरायला हवेत?

दोघांपैकी एक तरी हयात असेल तोवर. इथे लोक हमखास चुकतात. समजा प्रत्येकाची ८५ गाठण्याची शक्यता ४० टक्के आहे. दोघंही न गाठण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ३६ टक्के. तेव्हा निदान एक जण असण्याची शक्यता ६४ टक्के. एकेकट्यासाठी ८५ दूरचं वाटतं, जोडीसाठी तो साधा हिशोब आहे. आणि बायको वयाने लहान असेल तर मागे राहणारी बहुधा तीच. तेव्हा पेन्शनचा पर्याय निवडताना ‘फक्त माझ्या हयातीत’ यावर खूण करण्याआधी तिला विचारा. महिना हजार-दोन हजार जास्त मिळतात म्हणून ती खूण केलेले फॉर्म मी पाहिलेत.

थोडी पुरवणी: हा गुणाकार दोघांचं मरण एकमेकांपासून स्वतंत्र धरतो. प्रत्यक्षात जोडीदार गेल्यावर पहिल्या वर्षात मागे राहिलेल्याचा धोका वाढतो.

१८. मला शुगर आहे, सिगरेटही चालते. सारणी मला लागू होते का?

सारणीत शुगरवालेही आहेत आणि रोज पर्वती चढणारेही. ती गर्दीचा आकडा सांगते. विमा कंपनी मूळ दरावर टक्क्यांत भर घालते, त्याला ‘लोडिंग’ म्हणतात: मूळ दर हजारी ४ असेल आणि ५० टक्के भर पडली तर ६. फॉर्मवर सिगरेट लपवली तर हप्ता कमी बसतो आणि दाव्याच्या वेळी वारसाला उत्तर द्यावं लागतं. तेव्हा लपवू नका.

‘आमच्या घराण्यात सगळे नव्वदी गाठतात’ यालाही थोडा अर्थ आहे, पण घराण्याबद्दल बोलताना लवकर गेलेले काका कोणी मोजत नाही.

१९. आज जन्मलेली माझी नात सारणीतल्या आकड्याइतकीच जगेल का?

बहुधा जास्त. सारणी असं धरते की नात साठीला पोचेल तेव्हाही साठीचे दर आजचेच असतील. आजवर तरी तसं झालेलं नाही. १९७०-७५ मध्ये जन्मलेल्यांना तेव्हाच्या सारणीने ४९.७ वर्षं दिली होती. ती मंडळी आज पन्नाशीत आहेत आणि बहुतेक जण कामावर जातात. पुढचे दर घटतील असा अंदाज धरून पिढीची वेगळी सारणी काढता येते. पेन्शनवाल्यांना ती काढावीच लागते.

२०. सारणी कुठे बघायला मिळेल?

एसआरएसवर आधारित सारण्या भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या संकेतस्थळावर राज्यवार, स्त्री-पुरुष, ग्रामीण-शहरी अशा मिळतात. विमाधारकांची सारणी इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीजच्या संकेतस्थळावर आहे. तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिच्या वार्षिक अहवालात ग्रॅच्युइटीच्या टिपेत ‘आयएएलएम २०१२-१४ अल्टिमेट’ अशी ओळ बहुधा सापडेल. तुम्ही निवृत्तीआधी मरण्याची शक्यता तिथे धरलेली असते, राजीनामा देण्याच्या शक्यतेच्या शेजारच्याच ओळीत.